नळी कुठे बघतेय? मुलांच्या नेमबाजीतला पहिला धडा

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर तब्बल 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं. तेव्हापासून पोराला किंवा पोरीला रेंजवर घेऊन येणाऱ्या पालकांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. कितव्या वर्षी सुरू करावं? रायफल की पिस्तूल? खर्च किती येतो? पुढे नोकरीला उपयोग होतो का? मी नवशिक्या मुलांच्या सरावात मदत करतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. पण बाकीची मंडळी पांगली की एखादी आई किंवा आजोबा जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात, "एवढ्याशा पोराच्या हातात बंदूक द्यायची म्हणजे... काही होणार तर नाही ना?"

हा प्रश्न हळू आवाजात विचारायची काहीच गरज नाही. उलट तो सगळ्यात आधी आणि मोठ्यानं विचारावा. त्याचं उत्तर नीट कळलं तर नेमबाजी हा खेळ कसा चालतो हेही निम्मं कळून जातं. या लेखात मी तेच उत्तर सविस्तर देतो आहे.

आधी मुलाच्या हातात नक्की काय येतं ते बघू. सुरुवात जवळजवळ नेहमीच 10 मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलनं होते. त्यात दारू नसते, स्फोट नसतो. स्पर्धेच्या रायफलमध्ये नळीखाली एक सिलिंडर असतो आणि त्यात साधारण 200 बार दाबानं हवा भरलेली असते. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते आणि मोजून तेवढीच हवा 4.5 मिलिमीटरच्या शिशाच्या छर्र्याला मागून ढकलते. छर्र्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. नळीतून तो सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगानं निघतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास.

"हवेचीच तर आहे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. अर्ध्या ग्रॅमचा तो छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. जवळून छातीत किंवा डोक्यात लागला तर जीवही जाऊ शकतो. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर आपल्या सगळ्यांची बंदुकीशी पहिली ओळख होते. तिथं पोरगं बंदूक हातात घेतं आणि "अशी धरू का?" असं विचारायला सरळ मागं वळतं. नळी आईच्या पोटावरून, धाकट्या भावाच्या तोंडावरून फिरते आणि सगळे हसत असतात. त्या बंदुकीत जोर कमी असेल, पण सवय तिथंच लागते. रेंजवर आलेल्या दहातल्या आठ मुलांना ही सवय असतेच असं मी धरूनच चालतो आणि पहिले काही दिवस ती काढण्यात जातात.

पुढे 25 आणि 50 मीटरच्या प्रकारांत पॉइंट टू टूची, म्हणजे .22 इंची नळीची हत्यारं येतात. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबतची 25 मीटर पिस्तूल आणि स्वप्नीलची 50 मीटर रायफल ही त्यातलीच. त्यांत खरी काडतुसं असतात. टार्गेट 50 मीटरवर असलं तरी मोकळ्या रानात ती गोळी दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. म्हणून त्या रेंजच्या मागं भक्कम भिंत किंवा मातीचा बांध लागतो. मूल तिथं पोचेपर्यंत एअर रायफलवरच्या सवयी अंगात पूर्ण मुरलेल्या असाव्या लागतात. काडतूस हातात आल्यावर शिकवू म्हटलं तर फार उशीर झालेला असतो.

नळीचं गणित

जगात कुठल्याही रेंजवर गेलात तरी पहिला नियम एकच: नळी कायम सुरक्षित दिशेला. रेंजवर सुरक्षित दिशा म्हणजे टार्गेटची दिशा, दुसरी कुठलीही नाही. मुलांना हा नियम पाठ होतो, पण तो का आहे हे कळलं तर तो टिकतो. मी त्यांना आकडे सांगतो.

10 मीटर एअर रायफलचं टार्गेट जेमतेम 45.5 मिलिमीटरचं असतं. त्याच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. आता रायफल साधारण मीटरभर लांब धरा. दस्ता खांद्यात घट्ट आहे आणि नळीचं पुढचं टोक फक्त एक मिलिमीटर हललं. दहा मीटरवर छर्रा किती सरकेल? दहापट. म्हणजे एक सेंटिमीटर. दहाच्या जागी सहा-सात लागतो. इतकं हलणं डोळ्याला दिसतही नाही.

हेच गणित दुसऱ्या टोकानं करून बघा. नळी फक्त दहा अंशांनी बाजूला वळली, म्हणजे मान किंचित वळवावी तेवढी, तर दहा मीटरवर रोख पावणेदोन मीटर सरकतो. रेंजवर एका नेमबाजाची लेन साधारण एक मीटर रुंद असते. म्हणजे शेजाऱ्याची लेन ओलांडून पुढच्याच्या टार्गेटपर्यंत मजल गेली. नव्वद अंश वळली तर पुढं टार्गेट उरतच नाही, माणसं उरतात.

हे कागदावर काढून दाखवलं की सातवी-आठवीतल्या मुलांचे चेहरे बदलतात. ज्या एका गोष्टीवर गुण मिळतात, त्याच गोष्टीवर शेजारच्याचा डोळा अवलंबून आहे हे त्यांना दिसतं. सुरक्षिततेसाठी वेगळं आणि गुणांसाठी वेगळं असं काही शिकायचं नसतं. नळीचं टोक आत्ता या क्षणी कुठं आहे याचं भान म्हणजेच नेमबाजी.

एक नियम चुकला तर दुसरा उभा

बाकीचे मुख्य नियम तीन आहेत. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजून हाताळायचं, मग ते आत्ताच रिकामं करून कुणी हातात दिलेलं असलं तरी. नेम पूर्ण लागेपर्यंत आणि डागायचं मनात ठरेपर्यंत बोट चापावर जाऊ द्यायचं नाही. आणि टार्गेटच्या मागं, आजूबाजूला काय आहे हे माहीत असल्याशिवाय डागायचं नाही.

"रिकामीच आहे की सर" हे वाक्य मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा पोरगं खरंच बोलत असतं. पण ज्या अपघातांनंतर माणसं डोकं धरून बसतात, त्यांत बंदूक रिकामी असल्याची खात्रीच असते. म्हणून रेंजवर कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाहीत. बोल्ट, म्हणजे छर्रा भरायची जागा बंद करणारा भाग, उघडा दिसला पाहिजे आणि नळीत सेफ्टी फ्लॅग दिसला पाहिजे. सेफ्टी फ्लॅग म्हणजे भडक रंगाची प्लास्टिकची दोरी किंवा पट्टी. एअर रायफलमध्ये ती नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार जावी लागते, आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. आत छर्रा अडकलेला असेल तर दोरी आरपार जाणारच नाही. ती दोरी नळीच्या तोंडातून बाहेर लोंबताना दिसली की पलीकडच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या पालकालाही कळतं की हे हत्यार आत्ता डागलं जाऊ शकत नाही. दहा-वीस रुपयांची ही वस्तू किटमधली सर्वांत मोलाची आहे असं माझं मत आहे.

चापाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं सिनेमा पाहून आलेल्या मुलांची समजूत पूर्ण उलटी असते. त्यांना वाटतं चाप जोर लावून ओढायचा असतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा, म्हणजे सुटायला निदान तेवढा जोर लागणारा, असावा लागतो, 25 मीटरच्या पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅमचा. एअर रायफलला अशी खालची मर्यादाच नाही. तयारीच्या नेमबाजांचे चाप शंभर ग्रॅमच्याही आत असतात. मोबाइलच्या पडद्याला बोट लावावं तेवढ्यानं छर्रा सुटतो. अशा हत्यारात "चुकून लागलं" याला जागाच ठेवायची नसते. म्हणून बोटाची घरची जागा ठरवून देतात: चापाच्या कडीबाहेर, लाकडावर सरळ. मूल रायफल उचलतं, ठेवतं, खांद्याला लावतं, श्वास घेतं, गाल टेकवतं, आणि या सगळ्या वेळात बोट घरी असतं.

हे चारही नियम एकमेकांवर रचलेले आहेत. माणूस थकतो, विसरतो, दचकतो. यंत्र बिघडतं. समजा मुलानं हत्यार न तपासता उचललं, पण नळी टार्गेटकडं आहे, तर छर्रा भिंतीत जाईल. समजा नळी क्षणभर भरकटली, पण बोट बाहेर आहे, तर काहीच सुटणार नाही. कुणाला इजा व्हायला एकाच वेळी दोन-तीन नियम मोडावे लागतात. म्हणून एक नियम मोडला आणि काही झालं नाही, तरी चांगला प्रशिक्षक तो प्रसंग सोडून देत नाही. त्या दिवशी दुसऱ्या नियमानं वाचवलेलं असतं.

पहिले दिवस कसे जातात

पालकांना वाटतं पहिल्या दिवशी पोरगं दहा-वीस छर्रे तरी मारेल. मारत नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती खोरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, कुस्ती लांबच राहते. इथंही तसंच आहे.

आधी फायरिंग लाइन ओळखायची. ती जमिनीवरची साधी रेघ असते, पण तिच्यापुढं कुणी गेलेलं असताना हत्याराला हात लावायचा नसतो. टार्गेट बदलायला किंवा काही पडलेलं उचलायला एक जण जरी पुढं गेला, तरी सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवून, बोल्ट उघडून, फ्लॅग घालून मागं सरकायचं. हुकूम पाठ करायचे: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. "स्टॉप" हा हुकूम सगळ्यांत महत्त्वाचा. नेम लागलेला असो, स्पर्धेतला शेवटचा शॉट असो, "स्टॉप" ऐकला की बोट बाहेर. आणि हा हुकूम द्यायचा हक्क फक्त रेंज ऑफिसरचा नसतो. काही धोक्याचं दिसलं तर अगदी दहा वर्षांच्या मुलीनंही "स्टॉप" ओरडायचं आणि तिच्यावर कुणी रागवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडं लहानांनी मोठ्यांना थांबवायची पद्धत नाही. म्हणून तर हे मुद्दाम शिकवावं लागतं.

त्यानंतर हत्यार हातात येतं, पण छर्र्याशिवाय. याला ड्राय फायर म्हणतात. नेम धरायचा, चाप दाबायचा, टक्‌ असा आवाज येतो आणि काहीच सुटत नाही. या वेळी मुलगा नळीकडं बघत राहतो: टक्‌ होताना पुढचं टोक हललं का? तयारीचे नेमबाजसुद्धा सरावाचा मोठा वाटा ड्राय फायरला देतात. नवशिक्याला त्यातून दोन गोष्टी एकदम मिळतात. चाप हळूहळू, थेट मागं दाबायची सवय लागते, आणि हत्याराशी वागायच्या सवयी छर्रा नसताना पक्क्या होतात.

एक प्रसंग मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिला आहे. मुलगी ड्राय फायर करते आहे. तिला काहीतरी विचारायचं असतं. ती "सर" म्हणते आणि आवाजाच्या दिशेला वळते. मान वळते, मानेबरोबर खांदे, खांद्यांबरोबर रायफल. प्रशिक्षकाचा हात आधीच नळीखाली गेलेला असतो आणि तो नळी हळूच टार्गेटकडं परत नेतो. तो ओरडत नाही. एवढंच म्हणतो, "आधी ठेव. मग वळ. मग विचार." ती रायफल टेबलावर ठेवते, बोल्ट उघडते, फ्लॅग घालते, हात मोकळे करते आणि मग वळून प्रश्न विचारते. दोन-तीन आठवड्यांत हे इतकं अंगवळणी पडतं की घरी झाडू किंवा छत्री हातात असतानाही मुलं टोक माणसांकडं वळू देत नाहीत. घरचे येऊन हे सांगतात तेव्हा फार बरं वाटतं.

ओरडण्याबद्दल माझं मत ठाम आहे. हत्यार हातात असलेल्या मुलावर अचानक ओरडलं की ते दचकतं, आणि दचकलेल्या हाताची बोटं मिटतात. शिस्त कडक हवीच, पण आवाज शांत हवा. जिथं प्रशिक्षक सतत अंगावर ओरडतो, तिथं मूल चूक लपवायला शिकतं. लपवलेली चूक रेंजवर फार महाग पडते.

छर्रे शिशाचे असतात. शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला ते जास्त बाधतं. म्हणून छर्रा तोंडात धरायचा नाही, फायरिंग लाइनवर खायचं-प्यायचं नाही, आणि सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा, कारण कठीण पृष्ठभागावर आपटून छर्रा उलटा उडू शकतो. पॉइंट टू टूच्या रेंजवर कानांना संरक्षण लागतंच. सिलिंडरवर मुदतीची तारीख असते, ती संपली की सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी वापरायचा नाही. आत दोनशे बार दाब आहे हे विसरू नये.

दहाचा ठिपका

आता खेळाकडं येऊ. पात्रता फेरीत एअर रायफलच्या नेमबाजाला 60 शॉट मारायचे असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी 75 मिनिटं मिळतात. गुण दशांशात मोजतात. सर्वांत चांगल्या शॉटला 10.9, म्हणजे कमाल 654. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. एवढं वजन सव्वा तास उभ्यानं धरून ठेवायचं आणि दर वेळी अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका शोधायचा. हात स्थिर ठेवणं कुणालाच शक्य नसतं. हृदयाचा ठोका रायफलपर्यंत पोचतो, श्वासाबरोबर नळी वर-खाली होते. नेमबाज एवढंच शिकतो की हाडांवर वजन कसं पेलायचं, श्वास अर्धा सोडून कुठं थांबायचं, आणि नळी शांत होण्याच्या त्या काही सेकंदांत चाप न झटकता कसा दाबायचा.

यातली सगळ्यांत अवघड आणि मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे न डागणं. नेम लांबला, श्वास कमी पडला, मनात शंका आली, तर रायफल खाली ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. "आता एवढं धरलंच आहे तर मारून टाकू" असं वाटतं आणि तोच शॉट आठात जातो. तेजस्विनी सावंतनं 2010 ला म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. साठ शॉटमध्ये फक्त तीन गुण गेले. राही सरनोबतनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बरोबरी झाल्यावर शूट-ऑफ, म्हणजे निकालासाठीचे जादा शॉट, खेळून सुवर्ण घेतलं. स्वप्नील पॅरिसला पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवा होता आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांवर तिसरा आला. ज्याला मनाला आवर घालून थांबता येतं त्याच्याच हातून असे आकडे येतात. मुलांना मी म्हणतो, ज्या शॉटला रायफल खाली ठेवलीस, तो शॉट वहीत लिहून ठेव. चांगल्या दहापेक्षा त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आपल्या कोल्हापूरला या खेळाची अशी परंपरा लाभली आहे. इथल्या दुधाळीच्या रेंजचं नाव घेतलं की जुन्या मंडळींना तेजस्विनी-राहीचे सुरुवातीचे दिवस आठवतात. 2018 च्या युवा ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलचं रौप्यपदक मिळवणारा शाहू माने इथलाच. त्यामुळं नवी मुलं मोठ्या स्वप्नांनी येतात आणि ते योग्यच आहे. फक्त पदकाचा फोटो दाखवताना त्यामागची ही थांबण्याची सवयही दाखवावी.

कायदा काय म्हणतो

भारतात 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम लागू आहेत. 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक घेता किंवा बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरतं, नियमांनी ठरवून दिलेल्या वयाच्या आणि अटींच्या आत हत्यार वापरण्याची सूट कायद्यानंच दिली आहे. म्हणूनच मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेल्या क्लबमध्ये, देखरेखीखालीच शिकायचं. 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. गच्चीवरून कबुतरांवर, गल्लीतल्या कुत्र्यांवर किंवा बाटल्यांवर नेम धरणं हा सराव नव्हे. छर्रा बाटलीवरून घसरून कुणाच्या अंगणात जाईल हे सांगता येत नाही. वन्य प्राण्या-पक्ष्यांना मारणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे.

वरातीत, वाढदिवसाला, निवडणुकीच्या विजयाला हवेत गोळ्या झाडायची हौस काहींना असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबारानं कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच. रेंजवर शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो की अशा ठिकाणी थांबू नका, घरी या. ज्यानं चार नियम शिकलेत त्याला ते बघवणारही नाही.

रायफल घेऊन केएमटीच्या बसनं किंवा दुचाकीवरून जायचं असेल तर ती कडक केसमध्ये, बंद, रिकामी आणि छर्रे वेगळ्या पिशवीत. ओळखपत्र आणि क्लबचे किंवा स्पर्धेचे कागद सोबत. वाटेत मित्राला दाखवायला केस उघडायची नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्या मुलांना जरा जास्त वेळा सांगावं लागतं.

घरातली बंदूक

हा भाग नेमबाजी न शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनीही वाचावा. आपल्या जिल्ह्यात गव्यांचा, रानडुकरांचा उपद्रव असलेल्या भागात पीकसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका असलेली घरं आहेत. काही वाड्यांत आजोबांच्या काळातलं हत्यार अजून आहे. माजी सैनिकांच्या, पोलिसांच्या घरी असू शकतं. अशा घरात मुलाला "हात लावू नको" एवढं सांगून भागत नाही. कपाटाच्या वर, गादीखाली, कणगीमागं ठेवलेली वस्तू मुलांना सापडतेच. मुलांना मोठ्यांच्या जागा मोठ्यांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. पाहुणे येणार असतील, लग्नघर असेल, तर पुन्हा एकदा कुलूप तपासायचं. अजून एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलतो. दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस, घरातली भांडणं, प्रेमातली निराशा, अशा वेळी कोवळ्या मनात टोकाचा विचार येऊ शकतो. तो विचार बऱ्याचदा काही तासांत ओसरतो, पण त्या काही तासांत हाताशी भरलेली बंदूक असेल तर परत फिरायला वाट राहत नाही. घरात कुणाचं मन असं खचलेलं दिसलं तर हत्यार काही काळ घराबाहेर, पोलिसांकडं किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं रीतसर जमा करावं. निवडणुकीच्या काळात हत्यारं जमा करायची सवय आपल्याला आहेच. आणि त्या मुलाशी बोलावं, गरज वाटली तर त्याला डॉक्टरकडं न्यावं.

लहान मुलांना मात्र एवढंच शिकवायचं: कुठंही बंदूक दिसली, खरी असो की खोटी वाटो, तर थांब, हात लावू नकोस, तिथून निघ आणि लगेच मोठ्या माणसाला सांग. मित्र म्हणाला "बघ, रिकामी आहे", तरी निघ. हे घोकून घेण्यापेक्षा खेळात करून घ्यावं. कधी काकाच्या घरी, कधी शेतावरच्या खोपीत अशी कल्पना करायची आणि मुलाला खरंच चालत बाहेर येऊन सांगायला लावायचं. आणि त्यानं येऊन सांगितलं तर "तू तिथं गेलासच कशाला?" असं म्हणून रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

रेंज कशी निवडायची

वयाचा प्रश्न शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर आकड्यात नाही. दहा-बारा वर्षांचं मूल आधारावर रायफल ठेवून शिकू शकतं, पण सांगितलेला हुकूम पहिल्यांदा ऐकतं का, कंटाळा आला तरी नियम पाळतं का, हे बघावं. काही मुलं अकराव्या वर्षी तयार असतात, काही पंधराव्यालाही नसतात. ज्याला सध्या राग आवरत नाही त्याला वर्षभर थांबवलं तर काही बिघडत नाही. रायफलच्या वजनानं पाठ एका बाजूला वाकते, म्हणून वाढत्या वयात पोटाचे आणि पाठीचे व्यायाम सोबत हवेतच. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या रायफलला दोन लाखांच्या पुढं पैसे मोजावे लागतात, पण ती सुरुवातीला अजिबात घेऊ नका. बहुतेक क्लबमध्ये वापरायला रायफल मिळते. पहिलं वर्ष त्यावर काढावं. मग जॅकेट, बूट, आणि मूल खरंच टिकलं तर रायफल.

नाव घालायच्या आधी एखाद्या संध्याकाळी रेंजवर जाऊन मागच्या बाकावर अर्धा तास बसा. टार्गेटकडं बघू नका, गुणांच्या फलकाकडं तर नाहीच. नळ्यांकडं बघा. टेबलावरच्या प्रत्येक रिकाम्या हत्यारात फ्लॅग आहे का? गप्पा मारताना कुणाची नळी भरकटते का? कुणी पुढं गेलं तेव्हा सगळी हत्यारं खाली होती का? मुलं सराव संपल्यावर हात धुतात का? आणि एखाद्या मुलाकडून चूक झाली तर काय होतं? प्रशिक्षकानं त्या एका नळीसाठी अख्खी लाइन थांबवली, शांतपणे चूक सांगितली आणि मग पुन्हा "लोड" म्हटलं, तर फॉर्म तिथंच भरून टाका. नेहमीची बॅच साधारण शाळा सुटल्यावर असते. येताना मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो आणा, आणि पायात बंद बूट घालून पाठवा.